मतदान न करणाऱ्या सभासदांना दंड करावा का?

पत्र : आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे. सात इमारती, सुमारे सहाशे सदनिका. जानेवारीत झालेल्या महापालिका निवडणुकीत मतदान केंद्र आमच्याच क्लब हाऊसमध्ये होते. लिफ्टने खाली यायचे आणि पन्नास पावले चालायचे, एवढेच काम होते. शांतता राहावी म्हणून आम्ही कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला फाटकाच्या आत येऊ दिले नव्हते. तरीही यादीतील निम्म्याहून कमी लोकांनी मतदान केले. माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे, त्यानेही केले नाही. ‘कोणीही आले तरी काय फरक पडतो,’ असे म्हणाला. आता कार्यकारिणीने ठराव तयार केला आहे की, पुढच्या वेळी ज्यांच्या बोटाला शाई नसेल त्यांना सहा महिने क्लब हाऊस वापरू देऊ नये. हा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा का? जगभरच मतदान घटत चालले आहे असे वाचतो. शिकलेली माणसे अशी का वागतात?
– एक सचिव, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचा संताप मला परका नाही. शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्याच्या नोकरीत ठाणे आणि कळवा भागात अनेक निवडणुकांना मी केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. दुपारी दोनच्या सुमारास केंद्र रिकामे पडते, पहिला मतदान अधिकारी यादीची पाने उलटत राहतो आणि खूण न झालेल्या नावांच्या रांगा समोर दिसतात, तेव्हा जीव कसा कासावीस होतो हे मी अनुभवले आहे. तरीही हा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. आपल्या देशात मतदान हा हक्क आहे. तो न बजावल्याबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्यात कोणतीही शिक्षा नाही, आणि कायद्याने न ठेवलेली शिक्षा सोसायटीच्या सभेत ठराव करून देता येत नाही. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सक्तीच्या मतदानाचे विधेयक 2009 मध्ये मंजूर केले, त्याला राज्यपालांची संमती 2014 मध्ये मिळाली आणि 2015 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. राज्य सरकारला जे साधले नाही, ते सात इमारतींच्या कार्यकारिणीने अंगावर घेऊ नये. शिवाय बोट तपासून तुम्ही कोणाला पकडाल, याचाही विचार करा. ज्याचे नाव यादीतून गळले म्हणून तो केंद्रावरून परत फिरला, ज्याचे नाव अजून गावच्या यादीत आहे, जो त्या दिवशी रुग्णालयात ड्युटीवर होता, अशा सगळ्यांची बोटे कोरीच असतील. घरी निवांत बसलेला आणि तळमळून परत आलेला यांच्यातला फरक शाईला कळत नाही.

सक्तीने मतदान वाढते, हे मात्र खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात 1924 पासून केंद्रीय निवडणुकांत मतदान सक्तीचे आहे आणि तेथे दहापैकी नऊ मतदार मत देतात. नेदरलँड्समध्ये 1967 साली, सक्ती असताना, जवळजवळ 95 टक्के मतदान झाले होते. सक्ती उठवल्यानंतरच्या 1971 च्या निवडणुकीत ते 79 टक्क्यांवर आले. चिलीने 2012 मध्ये मतदान ऐच्छिक केले आणि तेथील टक्केवारी पन्नासच्या आसपास घसरली. 2022 मध्ये नव्या राज्यघटनेवरील सार्वमताला सक्ती परत आणली, तेव्हा सुमारे 86 टक्के लोक आले. पण ऑस्ट्रेलियात मतदान शनिवारी असते, टपालाने किंवा आधीच्या दिवसांत मत देण्याची सोय असते आणि नाव यादीत राहील याची काळजी सरकारी यंत्रणा स्वतः घेते. नागरिकाला दंड करण्याआधी राज्याने आपले काम पुरे केलेले असते. आपल्याकडे ते पुरे झालेले नाही, म्हणून मला येथे सक्ती अन्यायाची वाटते.

आता तुमचा मोठा प्रश्न. जगात मतदान घटते आहे, हे जुन्या आणि संपन्न लोकशाह्यांपुरते बरेचसे खरे आहे. ब्रिटनमध्ये 1950 साली जवळजवळ 84 टक्के मतदान झाले होते, 1992 मध्ये सुमारे 78 टक्के झाले आणि 2001 मध्ये ते एकदम 59 टक्क्यांवर उतरले. 2024 मध्येही ते साठच्या आतच राहिले. जपानमध्ये 2014 साली जेमतेम 53 टक्के लोकांनी मत दिले. भारताचे चित्र मात्र उलटे आहे. पहिल्या लोकसभा निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले होते, तर 2019 मध्ये 67 टक्क्यांहून अधिक मतदान झाले, जो आजवरचा उच्चांक आहे, आणि 2024 मध्ये ते सुमारे 66 टक्के होते. देश मत देतो आहे, मागे पडले आहे ते आपले शहर. मे 2024 मध्ये ठाणे लोकसभा मतदारसंघात, ज्यात नवी मुंबईतील ऐरोली आणि बेलापूरही येतात, सुमारे 52 टक्के मतदान झाले आणि शेजारच्या कल्याणमध्ये जेमतेम 50 टक्के. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे 72 टक्के लोकांनी मत दिले. तेथे संवेदनशील भागांत मतदान दुपारी 3 वाजताच बंद होते आणि केंद्रापर्यंतची वाट जंगलातून जाते. म्हणून ‘लिफ्टने खाली यायचे एवढेच काम होते’ हे तुमचे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. केंद्र जवळ असणे हा प्रश्नाचा फार छोटा भाग आहे.

टक्केवारी वाचताना यादीचाही विचार करावा लागतो. मतदार यादीच्या एका पानावर तीस नावे असतात. कळव्यातील एका केंद्रावर दुपारच्या शांततेत एका वयस्कर मतदान प्रतिनिधीने माझ्यासमोर एकच पान वाचले होते, ते मी अजून विसरलेलो नाही. हे वारले, हे बदलापूरला गेले, ही मुलगी लग्न होऊन पुण्याला, ही चाळच पाडली, हे भाडेकरू होते. तीसपैकी अकरा नावे अशी निघाली. अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाला दिलेली असते, परंतु ती क्वचितच पूर्ण असते, आणि मूळ यादीतून नाव वगळले जाईपर्यंत तो माणूस ‘मतदान न करणारा’ म्हणूनच मोजला जातो. पुनर्विकासाने आणि अकरा महिन्यांच्या भाडेकराराने ज्या शहराची घरे सतत बदलतात, तेथे ही त्रुटी मोठी होते. उलट बाजूने, कोपरखैरणे-घणसोलीतील कित्येक माथाडी कुटुंबांची नावे साताऱ्याकडच्या गावी आहेत. एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत असावे असा कायदा आहे, आणि निवड करायची वेळ आली की बरेच जण जेथे आपले घर, शेत आणि भावकी आहे तेथेच नाव ठेवतात. त्यांना अनास्थेचा शिक्का मारणे चुकीचे ठरेल. गावापासून दूर राहणाऱ्यांना आहेत तेथून मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये एक यंत्र राजकीय पक्षांना दाखवले होते. ते अद्याप वापरात आलेले नाही.

यादीचा दोष वजा केला तरी बरेच काही उरते, आणि त्यासाठी तुमच्या पत्रातील एका वाक्याकडे लक्ष वेधायचे आहे. शांततेसाठी तुम्ही कार्यकर्त्यांना फाटकाच्या आत येऊ दिले नाही. हेतू चांगला होता, पण मतदान कशाने वाढते याबद्दल जगात जे काही भरवशाचे कळले आहे, ते तुमच्या या निर्णयाच्या विरुद्ध जाते. अमेरिकेत न्यू हेवन या शहरात 1998 साली ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोन प्राध्यापकांनी मोठा प्रयोग केला. काही घरांत माणसे प्रत्यक्ष पाठवून मतदानाची आठवण केली, काहींना पत्रे धाडली, काहींना पगारी यंत्रणेकडून फोन केले आणि नंतर कोण मतदानाला आले ते सरकारी नोंदींवरून तपासले. दारात माणूस गेला तेथे मतदान स्पष्टपणे वाढले, पत्राने किंचित वाढले आणि फोनचा उपयोग जवळजवळ झाला नाही. त्या माणसांनी कोणत्याही पक्षाचा प्रचार केला नव्हता. कोणीतरी समोर उभे राहून ‘येणार ना?’ असे विचारले, एवढेच घडले होते.

जुन्या ठाण्यात हे विचारणे आपोआप होत असे. नौपाड्यात किंवा चेंदणी कोळीवाड्यात शाखेचा मुलगा, मंडळाचा कार्यकर्ता किंवा कामगार संघटनेचा माणूस मतदार चिठ्ठी घेऊन जिना चढत असे, आजीला नावाने हाक मारत असे, आणि दुपारपर्यंत ती खाली आली नाही तर पुन्हा येत असे. वागळे इस्टेटमधले अनेक कारखाने बंद झाले, त्यांच्याबरोबर त्या संघटनाही गेल्या. युरोपातही कामगार संघटना, पक्षांचे सभासदत्व आणि चर्चचा संबंध सैल होत गेला आणि त्याच काळात मतदान उतरले, हा योगायोग नाही असे अभ्यासक मानतात. घोडबंदरच्या नव्या संकुलात तर फाटकावरचे ॲप ओळखीच्या पाहुण्यालाही थांबवते. तेथे राहणाऱ्या माणसाकडे मत मागायला पाच वर्षांत कोणी येत नाही, आणि ज्याला कोणी विचारत नाही त्याला आपले मत कोणाला हवे आहे असे वाटत नाही. पक्षांचेही यात नुकसानच होते, कारण जेथे आत जाता येत नाही तेथील प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि ते श्रम दुसऱ्या वस्तीत खर्च करतात.

मुलाच्या ‘काय फरक पडतो’ या प्रश्नाला उर्मटपणा समजू नका. तो जुना आणि गंभीर प्रश्न आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्येच तो मांडला होता : एका मताने निकाल बदलण्याची शक्यता इतकी कमी असते की, निव्वळ हिशेब करणारा माणूस घरीच बसेल. माणसे तरीही जातात, कारण ती फक्त हिशेब करत नाहीत. पण काहीतरी हलेल अशी आशा त्यांना लागते. फ्रान्समध्ये 2017 आणि 2022 च्या संसदीय निवडणुकांच्या दुसऱ्या फेरीत निम्म्याहून कमी लोक आले होते. 2024 मध्ये सत्तेचे चित्र खरोखर पालटेल असे दिसताच ते प्रमाण 66 टक्क्यांच्या पुढे गेले. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरील 2014 च्या सार्वमतात जवळजवळ 85 टक्के मतदान झाले. तीच माणसे, तोच देश, पण प्रश्न थेट होता आणि उत्तर आधी ठरलेले नव्हते. महाराष्ट्रातही मे 2024 मध्ये शहरे कोरडी राहिली आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला राज्यातील मतदान 2019 च्या 61 टक्क्यांवरून सुमारे 66 टक्क्यांवर गेले. त्या वेळी आयोगाने जोडसुट्टी टाळण्यासाठी मुद्दाम बुधवार निवडला होता. लोकसभेचे मतदान सोमवारी आले होते, शिवाय मे महिन्याच्या सुट्टीत, त्याचाही फटका बसलाच.

आता तुमच्या मुलाच्या जागी उभे राहून पाहा. ठाणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली आणि त्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. नवी मुंबईची तर मे 2020 मध्येच संपली होती. महापालिकेची मुदत पाच वर्षांहून अधिक असू नये असे राज्यघटनेचे कलम 243यू सांगते, तरीही आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका रखडल्या, मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचे आदेश द्यावे लागले आणि मतदान झाले जानेवारी 2026 मध्ये. तुमचा मुलगा साधारण 2022 मध्ये अठरा वर्षांचा झाला असेल. म्हणजे सज्ञान झाल्यापासून त्याने आपल्या शहरात नगरसेवक पाहिलेलाच नव्हता. कचरा उचलला जात होता, टँकर येत होते, रस्ता खणला जात होता, सगळे प्रशासकाच्या सहीने. त्या चार वर्षांनी त्याला जे शिकवले तेच तो बोलतो आहे. याच काळात राज्यातील दोन मोठे पक्ष फुटले, आणि एका चिन्हावर दिलेले मत दुसऱ्याच बाजूला गेल्याचे घराघरांत बोलले गेले. पक्षांतरबंदीची तरतूद 1985 मध्ये राज्यघटनेत आली. ती असूनही मतदाराला आपली फसगत झाल्यासारखे वाटत असेल, तर दोष मतदाराचा नाही.

त्यात जबाबदारी इतकी विखुरलेली आहे की राग कोणावर काढावा हेच कळत नाही. तुमच्या फाटकाबाहेरचा मुख्य रस्ता, सेवा रस्ता, मेट्रोचे काम आणि नळाचे पाणी यांची सूत्रे वेगवेगळ्या यंत्रणांच्या हाती आहेत. पाण्याचेच पाहा : ठाण्याला स्वतःच्या योजनेबरोबर स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी घ्यावे लागते. टँकरचे बिल भरणारा माणूस विचारतो की नगरसेवक निवडून मी नेमके काय बदलणार, आणि उमेदवारांपैकी कोणीही त्याला नीट उत्तर दिलेले नसते.

तरीही मुलाचे म्हणणे मला मान्य नाही, आणि ते त्याला आकड्यांनीच सांगा. 20 मे 2024 रोजी, ठाण्यात मतदान झाले त्याच दिवशी, मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघातही मतदान झाले आणि तेथील निकाल 48 मतांनी लागला. तुमच्या एका इमारतीच्या चार-पाच मजल्यांवर तेवढे मतदार राहतात. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांची मते अगदी सारखी झाली आणि नगरसेवक चिठ्ठी टाकून ठरला. प्रभाग जितका लहान तितके एका मताचे वजन जास्त, आणि नेमक्या त्याच निवडणुकीला शिकलेला माणूस सर्वांत कमी महत्त्व देतो, याचे मला मनापासून दुःख होते. उमेदवार पसंत नसतील तर ‘नोटा’चा पर्याय 2013 पासून आहे. घरी बसलेल्या माणसाच्या मनात काय होते ते कोणालाही वाचता येत नाही, नोटाचे मत मात्र मोजले जाते आणि छापले जाते.

मुलाच्या बाबतीत घाईचे कारण आणखी एक आहे. मतदान ही सवय आहे. राज्यशास्त्रज्ञ मार्क फ्रँकलिन यांनी अनेक देशांचा अभ्यास करून दाखवले की, पहिल्या दोन-तीन निवडणुका ज्याच्या हातून सुटतात तो पुढेही बहुधा दूरच राहतो. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणल्यानंतर अनेक देशांत टक्केवारी उतरण्याचे हेही एक कारण त्यांनी दिले, कारण अठराव्या वर्षी मूल शिक्षणासाठी घराबाहेर पडत असते आणि बरोबर नेणारे कोणी नसते. आपल्याकडे 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 पासून अठराव्या वर्षी मत मिळाले. मुलाला पुढच्या वेळी उपदेश करू नका, ‘चल, माझ्याबरोबर ये’ म्हणा.

तेव्हा ठराव मागे घ्या आणि कार्यकारिणीचा तोच उत्साह यादीकडे वळवा. तुमच्या केंद्राची यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून छापून घ्या आणि प्रत्येक इमारतीसाठी दोन माणसे नेमून घरोघर पडताळा. वारलेल्या किंवा निघून गेलेल्या व्यक्तीच्या नावासाठी नमुना 7, पत्ता बदललेल्यांसाठी नमुना 8, नव्या मतदारासाठी नमुना 6 भरावा लागतो, आणि अडचण आल्यास 1950 हा क्रमांक आहे. हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर करून उपयोग नसतो, कारण महापालिकेसाठी विधानसभेची ठरावीक तारखेची यादीच वापरली जाते. भाडेकरूंनाही या फेरीत धरा. ते सभासद नसतील, पण मतदार आहेत. तुमच्या फाटकावर बारा तासांच्या पाळीत उभे राहणारे वॉचमन आणि सफाई करणारे लोक यांपैकी कोणाची नावे ठाण्यात असतील, तर मतदानाच्या दिवशी त्यांना वेळ मिळेल अशी पाळी लावा आणि पगार कापला जाणार नाही हे ठेकेदाराला लेखी कळवा. लोकसभा-विधानसभेला पंचाऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरून मत देता येते, हेही त्या घरांना सांगून ठेवा.

फाटकाचा नियम मात्र बदलायलाच हवा. सर्व उमेदवारांना एकच दिवस, सारखाच वेळ आणि तेच क्लब हाऊस द्या, घोषणा आणि ध्वनिवर्धक नको म्हणा, आणि सभासदांना आधी प्रश्न लिहून द्यायला सांगा. पहिला प्रश्न पाण्याचा ठेवा : स्टेमचे किती, एमआयडीसीचे किती, आमच्या वाट्याला किती आणि ते वाढवण्यासाठी सभागृहात तुम्ही काय मागाल. निवडून आलेल्या नगरसेवकांना वर्षाने पुन्हा बोलवा आणि तेच प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा. मुलाला या बैठकीत प्रश्न वाचायचे काम द्या, आणि यादीच्या फेरीत त्याला तुमच्याबरोबर घ्या. नाव नोंदवण्यासाठी आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, तेव्हा दर घरी पुढच्या तारखेपर्यंत कोण अठरा वर्षांचे होत आहे ते विचारून ती नावे त्याच वहीत लिहून घ्या.